निकेफोरसचं नाव मी वाचलं होतं

काल संग्रहालयातली बाई आली आणि तुमची नाणी घेऊन गेली. चौदा ट्रे, फायलींचे तीन खोके आणि तुमचं ते पितळी भिंग. भिंग यादीत नव्हतं, ते मीच दिलं. घरात ठेवून तरी काय करणार होते?

तुम्हाला जाऊन काल सतरा दिवस झाले. सगळा संग्रह देऊन टाकायचं तुम्ही दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं, कागदावर सही केली होती, साक्षीदार म्हणून शेजारच्या नवराबायकोला बोलावलं होतं, हे मला सॉलिसिटरच्या पत्रातून कळलं. क्रेमेटोरियमच्या बाहेर शेजारीण मला म्हणाली, "तुम्हाला तर माहीतच असेल." मी हो म्हटलं. तुमची बाजू सावरायला आयुष्यभर जितक्या वेळा "हो, माहीत आहे" म्हटलं, त्यात आणखी एकदा.

लोक भेटायला येतात. महाराष्ट्र मंडळातले सगळे येऊन गेले. "डॉक्टर घाटे म्हणजे किती साधा माणूस! स्वतःचं नाव कधी पुढे केलं नाही." मी चहाचा ट्रे हातात धरून ऐकत उभी असते. काय बोलणार? तुम्ही गेल्यावर लगेच तुमच्याशी भांडणारी बायको कुणाला आवडेल? म्हणून इथे लिहितेय. इथे तुम्हाला मधेच उठून गाडी धुवायला जाता येणार नाही.

आधी एक गोष्ट लिहायला हवी. ती लिहिल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

ग्लासगोतला आपला पहिला हिवाळा. तिसऱ्या मजल्यावरची ती थंडगार खोली, साडेतीनलाच अंधार, आणि मी दिवसभर एकटी. नागपूरला एम.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट सोडून आले होते. प्राचीन इतिहास, लिप्या, शिलालेख. तुमच्या वडिलांनी बैठकीत सांगितलं होतं, "तिकडे जाऊन पूर्ण करेल की!" इकडे आल्यावर मी केस विंचरणंही सोडलं होतं. तुमच्या ते लक्षात आलं. एका शनिवारी जुन्या बाजारातून तुम्ही एक काळपट तांब्याचं नाणं आणलंत, माझ्या तळहातावर ठेवलंत आणि म्हणालात, "हे वाच बरं. तू लिप्या वाचायचीस ना कॉलेजात?"

एवढंच. पण तुम्हाला ते आठवत होतं. त्या नाण्यावरची अक्षरं लावण्यात मी जानेवारी आणि फेब्रुवारी काढला. पुढच्या महिन्यात तुम्ही मला ग्रीकचं एक जुनं बालवाचन आणून दिलंत. मी वेडी झाले नाही ती तुमच्या त्या नाण्यामुळे. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. विसरता आलं असतं तर आज इतका त्रास झाला नसता.

मग ती आपली रीतच झाली. तुम्ही नाणी आणायचात, मी वाचायची. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. तिथून हजार वर्षं राज्य केलेल्या बायझंटाइन सम्राटांची नाणी. सोन्याची आपल्याला परवडणारी नव्हतीच, आपण तांब्याची घ्यायचो. तुमचं अक्षर तुमच्या वॉर्डातल्या नर्सनाही लागत नसे, त्यामुळे प्रत्येक नाण्याखालची गोल चिठ्ठी मी लिहायची. इतकं बारीक मला फक्त मराठीतच लिहिता येई. सहाशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या. लोकांना ट्रे दाखवताना तुम्ही म्हणायचात, "ही माझी सिस्टिम."

आता ज्यावरून हे सगळं झालं त्या नाण्याबद्दल.

दिसायला अगदी सामान्य. एका बाजूला येशूचा चेहरा, मागे तेजोवलय. दुसऱ्या बाजूला चार ओळी, 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा'. राजाचं चित्र नाही, नाव नाही. हजार वर्षं जिथे प्रत्येक सम्राटानं स्वतःचं तोंड नाण्यावर छापलं, तिथे तांब्याच्या नाण्यावरून नाव अचानक गायब झालं आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं आलंच नाही. ते सुरू केलं जॉन नावाच्या सम्राटानं, असं जाणकार मानतात. त्याच्या आधी गादीवर होता निकेफोरस, जॉनचा सख्खा मामा. या भाच्यानं मामाचा त्याच्याच शयनगृहात खून करवला. आतून दार उघडून द्यायला होती थिओफानो, मामाची बायको. जॉननं तिला लग्नाचा शब्द दिला होता म्हणतात. पण धर्मगुरू अडून बसले. आधी त्या बाईला राजवाड्यातून हाकल, मग तुझ्या डोक्यावर मुकुट ठेवतो. जॉननं लगेच तिला एका बेटावर पाठवून दिलं. त्याला गादी मिळाली आणि तिला बेट. आणि मग यानं नाण्यावरून स्वतःचं नाव काढून देवाचं घातलं!

आपलं यावरचं भांडण किती वर्षं चाललं! तुम्ही म्हणायचात, पश्चात्ताप आहे तो, विरक्ती आहे. मी म्हणायची, थिओफानोला बेटावर टाकणाऱ्या माणसाची विरक्ती मला सांगू नका, लोकांनी खुनी म्हणू नये म्हणून देवाला पुढे केलं त्यानं. तुम्ही हसायचात. "तुला प्रत्येक राजात नवरा दिसतो." तेव्हा मीही हसायची.

सहा वर्षांपूर्वीचा तो फेब्रुवारीतला रविवार. आपला निखिल युनिव्हर्सिटीतून कपडे धुवायला घरी आला होता, किचनमध्ये टोस्ट खात बसला होता. कधी नव्हे ते ऊन पडलं होतं, खिडकीतून आडवं आत आलेलं. मी ते नाणं चिमट्यात धरून चिठ्ठी लिहायला बसले होते. येशूच्या खांद्याशी काहीतरी खरखरीत दिसलं. मी सांगितलं तर तुम्ही पलीकडच्या खोलीतूनच म्हणालात, ओरखडा असेल. मला ओरखडा वाटेना, कारण मला जोगळटेंभी आठवली.

नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेली ती नाणी आमच्या सरांनी आम्हाला फोटोत दाखवली होती. नहपान क्षत्रपाची चांदीची नाणी, आणि त्याला हरवल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीनं त्यांच्यावरच मारलेला आपला ठसा. नवं नाणं पाडायचंच नाही, जुन्यावरच ठोकायचं. नहपानाच्या गालावर सातकर्णीच्या ठशातला डोंगर. सर सांगायचे, "नवा ठसा जिथे नीट बसत नाही तिथे जुना राजा डोकावतो. नाणं फिरवत राहा." तर मी ते फिरवलं. उलटं धरलं. खांद्याची रेघ मोडली आणि कडेनं चार अक्षरं उभी राहिली: एन, आय, सी, आय. निकि.

निकेफोरस! भाच्यानं मारलेल्या मामाच्या नाण्यावरच हा देवाचा ठसा ठोकलेला होता. मी ओरडले होते. "सापडला! अहो, मामा सापडला!" हातात पेपर घेऊन तुम्ही आलात. "काय पाहून राहिलीस एवढं?" चिडलात की नागपूर बाहेर यायचं तुमच्या तोंडून. मी भिंग तुमच्या हातात दिलं. तुम्ही दहा मिनिटं पाहत होतात. मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तेवढा वेळ, अहो, तेवढा एक वेळ मला वाटलं की माझं एम.ए. झालं.

पुढच्याच महिन्यात नाण्यांच्या सोसायटीत तुमचं व्याख्यान होतं. मी बिस्किटांचा डबा घेऊन दुसऱ्या रांगेत. पडद्यावर ते नाणं मोठं करून दाखवलंत आणि म्हणालात, "एका रविवारी उन्हात हे पाहत असताना माझ्या लक्षात आलं..." जोगळटेंभीचंही सांगितलंत. "आमच्या भारतात नाशिकजवळ..." तुम्हाला नाशिकची द्राक्षं सोडून काही माहीत नव्हतं हो! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं माझा हात दाबला. मीही टाळ्या वाजवल्या.

गाडीत मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"अगं, आपण दोघं काय वेगळे आहोत?"

"एकच असू तर मग माझंच घ्यायचं."

तुम्ही सिग्नलला थांबलात. वायपर चालू होते. "आता लेख छापायचा आहे," तुम्ही म्हणालात. "तिथे नावापुढे काय लिहू तुझ्या? हाउसवाइफ?"

रागानं म्हणाला असतात तर मी विसरले असते. तुम्ही खरंच विचारत होतात.

सोसायटीच्या चार पानी पत्रिकेत तो लेख आला. शेवटी एक ओळ होती, माझ्या पत्नीनं दाखवलेल्या सहनशीलतेबद्दल आभार. त्यानंतर अकरा महिने मी एकही चिठ्ठी लिहिली नाही. तुम्ही कारण विचारलं नाहीत. स्वतः लिहून पाहिल्यात, त्या तुमच्या तुम्हालाच वाचता येईनात, मग नाणी नुसतीच पाकिटात पडून राहिली. शेवटी मीच पेन उचललं. तुमच्यासाठी नाही. त्या पाकिटांमधल्या नाण्यांकडे माझ्यानं बघवेना. तुम्ही मात्र समजलात की माझा राग गेला.

तुम्हाला हे कळत नव्हतं असं मी मानलं असतं. पण तुम्हाला कळत होतं. क्लाइड नदीवरच्या गोद्यांमध्ये जहाजं बांधणाऱ्या कामगारांच्या छातीचे एक्स-रे तुम्ही दोन वर्षं पाहत होतात. त्यांची फुप्फुसं कशानं खराब होतात ते टिपून ठेवत होतात. तुमच्या साहेबानं त्यावर पेपर छापला आणि त्यात तुमचं नाव नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही अंगातला कोट न काढता जिन्यावर बसून राहिलात. निखिल लहान होता, तो तुमच्या बुटांच्या नाड्या सोडत होता. मी शेजारी बसले तर म्हणालात, "सुमती, मी तिथे नव्हतोच, असं करून टाकलं त्यांनी." तुमचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. कसं वाटतं ते तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून तुम्ही केलंत. मला बाकी सगळं सोडता येईल, हे येत नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात मी वाट पाहत होते. विचारणार नव्हते. तुम्ही आपणहून बोलावं अशी माझी जिद्द होती. एका दुपारी तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "सुमती, ते निकेफोरसचं..." मी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात नर्स ब्लडप्रेशर घ्यायला आली. "हाउ आर वी टुडे, डॉक्टर?" ती गेली. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही म्हणालात, "या आठवड्यात कचऱ्याची निळी बिन आहे ना? बाहेर ठेव."

मी बिन बाहेर ठेवली. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. "निकेफोरसचं काय म्हणत होतात?" एवढे चार शब्द विचारायला मला काय झालं होतं? यात माझीही चूक आहे. पण तुमच्याइतकी नाही.

आता कालचं सांगते.

संग्रहालयातल्या बाईचं नाव फिओना. असेल तिशीची. अकराला आली, डायनिंग टेबलवर मऊ कापड पसरलं, हातमोजे घातले आणि पहिला ट्रे उघडला. निखिल लंडनजवळच्या मेडनहेडहून आलेला आहेच, ऑफिसातून रजा काढून. ती चिठ्ठ्या बघून थांबली. "डॉक्टरांचं अक्षर काय सुंदर आहे!"

"माझं आहे," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. "सगळं?"

"सगळं."

ही कुठली भाषा, तिनं विचारलं. मराठी. मग त्या नाण्याचा ट्रे आला. तुमचा लेख तिनं वाचून आणला होता, तेच नाणं तिनं आधी उचललं. खालची चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाली, यात काय लिहिलंय ते सांगाल? मी वाचायला लागले. तारीख. तांबं. नाव नसलेलं. आणि शेवटची ओळ: 'उलटं धरल्यावर निकेफोरस दिसला. मी पाहिला, मग यांना दाखवला.'

मराठीत वाचून झालं. आता इंग्रजीत सांगायचं होतं. निखिलला काय येतंय ते कळलं. "आई," तो मराठीत म्हणाला, त्या बाईला कळू नये म्हणून, "आत्ता नको ना. बाबाची नाव खराब होईल."

त्याच्या तोंडचं मराठी मी नेहमी दुरुस्त करते. काल केलं नाही. मी फिओनाला इंग्रजीत सांगितलं, एकेक शब्द नीट लावून.

तिनं नाणं उलटं धरून पाहिलं. मग म्हणाली की तिचा विश्वास आहे, पण छापील लेख वेगळं सांगतो, तेव्हा डॉक्टरांच्या कागदांत कुठे माझा उल्लेख असेल तर बरं पडेल. मग तिघांनी मिळून तुमच्या फायली काढल्या. दीड तास पत्रं चाळत होतो. खरं सांगते, मला आशा होती. वाटलं, मला सांगितलं नसेल, पण कुणाला तरी लिहिलं असेल यांनी. फिओनाला तुमच्या एका टाइप केलेल्या पत्राची प्रत सापडली, लंडनच्या एका नाण्यांच्या दुकानदाराला लिहिलेल्या. ती मोठ्यानं वाचायला लागली, "माझ्या पत्नीला ग्रीक येत नाही, पण गंमत म्हणजे अक्षरं मात्र ती..." आणि तिथेच थांबली. पुढचं तिनं मनात वाचलं आणि पत्र पालथं ठेवलं.

ग्रीकचं ते बालवाचन अजून माझ्या उशाशी आहे. तुम्हीच आणलेलं.

मी उठून खिडकीपाशी गेले. तेव्हा मागे निखिलचा आवाज आला. तो इंग्रजीत बोलत होता, ऑफिसात बोलत असेल तसा, सावकाश. "मी त्या दिवशी घरी होतो. किचनमध्ये. आई ओरडली, म्हणून मी बाहेर आलो. बाबा दुसऱ्या खोलीत पेपर वाचत होते. नाणं आईच्या हातात होतं." मग म्हणाला, "व्याख्यानानंतर ते दोघं घरी आले, तेव्हाही मी होतो. त्यांचं बोलणं ऐकून मला वाटलं होतं की मी काहीतरी बोलावं. मी नाही बोललो."

फिओनानं ते लिहून घेतलं. त्याची सही घेतली, माझी घेतली. नोंदवहीत नाण्यासमोर 'कुणी ओळखलं' असा रकाना असतो म्हणे. तिथे तिनं माझं नाव घातलं. आपल्या मुलानं स्पेलिंग सांगितलं. संग्रहाला तुमचंच नाव राहणार आहे, त्याला मी हरकत घेतली नाही. नाणी तुम्ही आणलीत हे खरंच आहे.

मला वाटलं होतं की मोकळं वाटेल. नाही वाटलं. त्या वहीत लिहिलं जावं अशी माझी कधीच इच्छा नव्हती. तुम्ही एकदा, घरात, आपल्या दोघांत म्हणायला हवं होतं. ते आता कुठलीच फिओना मला देऊ शकत नाही.

ती गेल्यावर निखिल म्हणाला, "बाबाला खूप वाईट वाटला असता." मी म्हटलं, हो, वाटलं असतं. मग तो रडला, आणि मीही. तो तुमच्यासाठी रडत होता. मी कशासाठी ते मला सांगता येणार नाही. तुम्ही नाही म्हणूनही असेल.

आणखी एक. जाताना फिओना दारात थबकली. म्हणाली, सहाशे चिठ्ठ्या आहेत आणि आमच्याकडे एकालाही मराठी येत नाही, तुम्ही दर गुरुवारी येऊन त्या वाचून द्याल का? खिडकीजवळचं टेबल देऊ, चांगला मायक्रोस्कोप आहे. आणि सोन्याचीही काही नाणी आहेत आमच्याकडे, कुणी नीट पाहिलेली नाहीत, ती बघायला आवडेल का?

सोन्याची! पस्तीस वर्षांत आपण हातात धरली नाहीत ती. मी लगेच हो म्हटलं, विचारसुद्धा केला नाही. दार लावलं आणि वळले, आणि "अहो, ऐकलंत का" म्हणत पार तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. सांगावंसं वाटलं ते अजूनही तुम्हालाच. याच्याइतका राग मला तुमच्या त्या व्याख्यानाचाही आला नव्हता.